डॉकरचा अंतर्गत डीएनएस : काही महिने वापरल्यानंतर

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधल्या ऑफिसात, उबुंटू सर्व्हरवर, सगळं काम डॉकर कम्पोजवर चालतं, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या बंदिस्त डब्यात (कंटेनरात) आणि सगळे डबे एका फाइलवरून एकत्र सुरू. इतक्या महिन्यांनंतर मत पक्कं झालंय : १२७.०.०.११ वर बसलेला, नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा डॉकरचा डीएनएस स्वतः क्वचितच बिघडतो. घोळ त्याच्या अलीकडे असतो, नाहीतर पलीकडे.

म्हणून आधी कंटेनरात शिरून 'गेटएन्ट होस्ट्स' (नावाचा पत्ता शोधणारी कमांड) दोनदा चालवा, एकदा शेजारच्या कंटेनरच्या नावाने, एकदा बाहेरच्या साइटच्या नावाने. शेजारी सापडत नसेल तर दोघं एका नेटवर्कवर नाहीत, किंवा कंटेनर डिफॉल्ट ब्रिजवर (डॉकरच्या आयत्या नेटवर्कवर) आहे. तिथे कंटेनरची नावं आपोआप कळतच नाहीत. स्वतःचं नेटवर्क बनवा, विषय संपला.

बाहेरचं नाव अडलं तर मात्र खोलात जावं लागतं. मे महिन्यात वादळ आलं की मुख्य लाइन जाते आणि राउटर दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर उडी मारतो. सर्व्हरवर इंटरनेट ठणठणीत, कंटेनर मात्र आंधळे! कारण असं, की बाहेरच्या नावासाठी डॉकरच्या डीएनएसने पुढे कुणाला विचारायचं तो पत्ता कंटेनर सुरू होतानाच ठरतो. तो पहिल्या कंपनीच्या डीएनएसचा असला तर बहुतेकदा तो डीएनएस परक्या लाइनवरून आलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. नव्या डॉकरमध्ये कंटेनरातली रिझॉल्व्ह.कॉन्फ (डीएनएसची सेटिंग फाइल) उघडा : खाली 'एक्स्टसर्व्हर्स' अशी टिप्पणीची ओळ असते, तिथे हा पत्ता दिसतो.

उपाय : डीमन.जेसन या डॉकरच्या सेटिंग फाइलमध्ये 'डीएनएस'पुढे राउटरचाच पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. लाइन बदलली तरी राउटर योग्य ठिकाणी विचारतो. मग डॉकर रीस्टार्ट करा. त्यात चालू कंटेनर थांबतात, म्हणून हे रात्री उरका. सोबत ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) जोडणं चालेल, पण पहिल्याने 'असं नाव नाही' म्हटलं की दुसऱ्याला विचारलंच जात नाही. त्यामुळे ऑफिसातली नावं ओळखणारा पत्ताच आधी हवा.

कंटेनर ज्या साच्यातून (इमेजमधून) बनतो, ती अल्पाइन या छोट्या लिनक्सची ३.१८ च्या आधीची इमेज असेल तर बदलाच. तिच्यातली मसल ही सिस्टिम लायब्ररी, मोठ्या उत्तरांसाठी लागणाऱ्या टीसीपीवर डीएनएस विचारत नाही, मोठी उत्तरं अर्धवट राहतात.

आलेली मागणी मागच्या कंटेनरकडे पोचवणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स, त्याची तक्रार वेगळी. तो सुरू होताना मिळालेला आयपी धरून बसतो. मागचा कंटेनर नव्या आयपीवर आला की ५०२ एरर (मागच्याशी संपर्क होत नाही). त्याच्या सेटिंगमध्ये 'रिझॉल्व्हर १२७.०.०.११ व्हॅलिड=१०एस' लिहा (दर १० सेकंदांनी नाव पुन्हा विचार) आणि मागणी कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या प्रॉक्सी पासमध्ये नाव व्हेरिएबलमधून द्या. नुसती पहिली ओळ लिहून काही होत नाही.