भाज्या वाफवण्याची घडीची जाळी: वर्षभराच्या वापरानंतर

पाकळ्यांसारखी उघडमीट होणारी ही स्टीलची जाळी झाकण असलेल्या जवळजवळ कोणत्याही पातेल्यात बसते. नवलकोल, ब्रोकोली, लाल कोबी अशा ज्या भाज्या शिजवायच्या कशा हे न कळल्यामुळे मी वर्षानुवर्षे टाळत आले, त्या गेल्या वर्षभरात हिच्यामुळे माझ्या ताटात आल्या. अनोळखी भाजीची स्वतःची चव आधी कळली पाहिजे, मसाल्याचा विचार नंतर करावा, असे माझे ठाम मत आहे आणि त्यासाठी वाफेसारखा उपाय नाही. भाजी पाण्यात बुडत नसल्यामुळे तिची चव पाण्यात उतरत नाही आणि पाण्यात विरघळणारे क जीवनसत्त्वही उकडण्याच्या मानाने कमी वाया जाते.

वेळेकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ब्रोकोलीचे तुरे 4 ते 5 मिनिटांत झळझळीत हिरवे होतात आणि सुरीचे टोक देठात किंचित अडून आत शिरते, तेव्हाच ते बाहेर काढावेत. आणखी रेंगाळले तर हरितद्रव्यातले मॅग्नेशियम सुटून रंग शेवाळी पडतो आणि गंधकाचा उग्र वास सुटतो. तिचा जाड दांडा कृपया फेकू नये, कारण साल तासली की आतला गर तुऱ्यांपेक्षाही गोड लागतो. नवलकोल निवडताना मुठीएवढाच घ्यावा, कारण फार मोठा झालेला बहुधा आतून रेषाळ निघतो; बुडाकडची साल जाडच काढावी.

जाळीचा खरा दोष तिच्या आखूड पायांत आहे. खाली जेमतेम दोन बोटे पाणी मावते, त्यामुळे सालीसकट ठेवलेल्या मध्यम आकाराच्या बीटसारख्या 40 मिनिटे घेणाऱ्या भाजीला मधूनमधून उकळते पाणी घालावे लागते. एकदा मी ते विसरले आणि पातेल्याचे बूड काळे झाले. मधली दांडी काढता येत नसेल तर अख्खा फ्लॉवर बसत नाही, म्हणून विकत घेताना ती फिरवून सुटते का, हे पाहावे. पालेभाज्यांचे तुकडे पाकळ्यांच्या सांध्यांत अडकतात. जाळी ओली असतानाच दातांच्या जुन्या ब्रशने घासली तर ते चटकन निघतात.