बूटस्ट्रॅप घ्यावं की टेलविंड?

वेबसाइटचं रूप घडवायला तयार सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) देणाऱ्या या दोन फ्रेमवर्कांपैकी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काय घ्यावं, असं एका ज्युनिअरने विचारलं. दोन्हींत मांडणी आधी मोबाइलची, मग मोठ्या स्क्रीनची. त्यामुळे रिस्पॉन्सिव्हपणावरून, म्हणजे स्क्रीननुसार मांडणी बदलण्यावरून, निवड करू नका.

खरा फरक हाताशी काय मिळतं यात आहे. २०११ मध्ये ट्विटरमधून बाहेर आलेल्या बूटस्ट्रॅपमध्ये नॅवबार (वरची मेनूपट्टी), मोडल (पानावर उघडणारी चौकट), ड्रॉपडाउन तयार मिळतात, जावास्क्रिप्टसकट. दोन फायली जोडल्या की संध्याकाळपर्यंत पान उभं राहतं. २०१७ मध्ये आलेल्या टेलविंडमध्ये बटणसुद्धा तयार नसतं. पॅडिंग, रंग, कोपऱ्यांची गोलाई असे छोटे क्लास (एचटीएमएलमध्ये लिहायची रूपाची नावं) जोडून ते आपणच घडवायचं. एचटीएमएल लांबलचक दिसतं, सुरुवातीला डोळ्यांना खुपतं.

फाइलच्या आकारात मात्र टेलविंड सरस. ते कोड चाळून वापरलेल्या क्लासांपुरतंच सीएसएस बनवतं. इथेच नवखे अडकतात: पार्श्वभूमीच्या रंगासाठीच्या 'बीजी-' पुढे व्हेरिएबलमधला रंग जोडून क्लासचं नाव बनवलं, तर ते त्याला सापडत नाही आणि रंग येतच नाही. नाव अख्खं लिहा.

जुन्या फोनवर पान चालायला हवं असेल, तर टेलविंड ४ जपून घ्या. त्याला आयफोनवरचा सफारी ब्राउझर किमान १६.४ लागतो.

खर्च? दोन्ही फुकट.

अॅडमिन पॅनेल, कार्यालयीन फॉर्म, बॅकएंडवाल्यांची (सर्व्हरकडचं काम करणाऱ्यांची) टीम असेल, तर बूटस्ट्रॅप. डिझायनरने स्वतंत्र रूप आखलंय आणि रिअॅक्टसारख्या साधनात काम आहे, तर बेधडक टेलविंड. आमच्या ज्युनिअरला मी बूटस्ट्रॅपच सांगितलं. सबमिशन जवळ आलंय.