जुन्या वस्तूंच्या खरेदीसाठी यूपीआय: झटपट, पण संरक्षण तोकडं

अनोळखी विक्रेत्याला पैसे द्यायला यूपीआय सोयीचं आहे, पण एकदा पिन टाकला की रक्कम काही सेकंदांत समोरच्याच्या खात्यात जाते आणि त्याच्या संमतीशिवाय सहसा परत येत नाही. म्हणून ‘आधी टोकन पाठवा’ म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. वस्तू हातात घ्या, चालू करून पाहा, मगच पैसे. पिनआधी पडद्यावर दिसणारं बँकेतलं नाव विक्रेत्याशी जुळायलाच हवं. विकणाऱ्यांनो, पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही! स्क्रीनशॉटवर विसंबू नका, स्वतःच्या खात्यात जमा दिसू द्या. फसवणूक झाली तर यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) घेऊन लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ती गोठवली जाऊ शकते.