हायरिसप्लेक्स-एस : डीएनएवरून रंग सांगणारं साधन खानदेशात किती कामाचं?

रॉटरडॅमच्या इरॅस्मस मेडिकल सेंटरचं हे वेबसाधन फुकट वापरता येतं. डीएनएतल्या ४१ जागांची माहिती भरली की डोळे, केस आणि त्वचेच्या रंगांच्या शक्यता आकड्यांत मिळतात. चेहरा किंवा उंची ते सांगत नाही. पोलीस तपासातला नेहमीचा एसटीआर प्रोफाइलही (डीएनएतले छोटे तुकडे किती वेळा पुन्हा येतात ते मोजून केलेली ओळख) इथे चालत नाही, कारण त्यात या जागा नसतातच.

खरी कसोटी फाइल भरतानाच लागते. प्रत्येक रकान्याच्या शीर्षकात जागेच्या क्रमांकापुढे डीएनएचं एक अक्षर (ए, टी, सी किंवा जी) असतं. ते अक्षर नमुन्यात त्या जागी किती वेळा आहे तेवढंच लिहायचं : ०, १ किंवा २. माहिती नसेल तिथे 'एनए' लिहावं. शून्य लिहिलं तर तो चुकीचा जनुकप्रकार ठरतो. डोळ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची जागा आरएस१२९१३८३२. तिच्या रकान्यात 'टी' मोजायचा असतो, पण बहुतेक सिक्वेन्सिंग फाइलींत (डीएनए वाचून आलेल्या फाइलींत) ती जागा डीएनएच्या दोन साखळ्यांपैकी समोरच्या साखळीवरून वाचलेली असते (तिथे टीसमोर ए आणि सीसमोर जी येतो), म्हणजे तिथे 'ए' आणि 'जी' दिसतात. 'ए'चा 'टी' न करता मोजणी केली की टी शून्य भरतो आणि तपकिरी डोळ्यांचा माणूस निळ्या डोळ्यांचा निघतो. आरएस१६८९१९८२ तर आणखी फसवी : तिथे सी आणि जी हीच दोन अक्षरं असल्यामुळे साखळी उलटली तरी फाइल बरोबरच वाटते. म्हणून रंग माहीत असलेल्या व्यक्तीचा नमुना आधी चालवून पाहावा.

नमुना एकाच माणसाचा हवा. दोघांचं रक्त मिसळलेलं असेल तर दोघांचीही अक्षरं एकत्र येतात आणि उत्तर कुणाचंच राहत नाही.

आता निकाल. निळे आणि तपकिरी डोळे हे साधन उत्तम ओळखतं. मधला गट मात्र त्याचा सर्वांत कच्चा, आणि आपण ज्यांना घारे म्हणतो ते बरेचसे डोळे त्याच गटाच्या आसपास येतात. जळगाव-धुळ्यात 'तपकिरी डोळे, काळे केस' असं उत्तर आलं तर संशयितांची यादी जवळजवळ तेवढीच राहते. पिकलेले किंवा मेंदी लावलेले केसही त्याला कळत नाहीत.

त्वचेचे पाच गट आहेत, अतिफिकटापासून गडद काळ्यापर्यंत. त्वचेचा भाग आपल्याकडे त्यातल्या त्यात उपयोगी, कारण त्वचेच्या रंगावर परिणाम करणाऱ्या एसएलसी२४ए५ या जनुकाची दोन्ही रूपं भारतात आढळतात. तरी निमगोरा, गव्हाळ, सावळा या आपल्या छटा इतक्या बारीक वेगळ्या करता येत नाहीत. शिवाय केळीच्या बागेत उन्हात राबून रापलेला रंग डीएनएत लिहिलेला नसतो. आणि या आकड्यांवरून कुणी भिल्ल, पावरा की लेवा पाटीदार हे ठरवणं सरळ चूक आहे. असा निष्कर्ष अहवालात येताच कामा नये.

शिकण्यासाठी आणि संशोधनासाठी बेलाशक घ्यावं. तपासात मात्र सगळ्या गटांच्या शक्यता जशाच्या तशा लिहाव्यात, फक्त सर्वांत मोठा आकडा नव्हे. संशयित सापडला की ओळख पटवायची ती एसटीआर जुळवूनच.