खांद्यासाठी डायक्लोफेनॅक जेल: कुठे उपयोगी, कुठे वाया, आणि नेमकं किती लावायचं

मेडिकलमध्ये जाऊन ‘खांदा दुखतोय, लावायला काहीतरी द्या’ म्हटलं की समोर ज्या ट्यूब येतात, त्या दिसायला सारख्या असतात. आतलं औषध मात्र वेगवेगळं असतं. व्होव्हेरान इमलजेलसारख्या साध्या जेलमध्ये औषध एकच, डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखणं आणि सूज कमी करणारं औषध. व्हॉलिनी आणि ऑम्निजेल ही मिश्रणं: डायक्लोफेनॅक तेवढंच, शिवाय मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट आणि जवसाचं तेल. साधा मूव्ह किंवा आयोडेक्स मात्र आयुर्वेदिक गटातले. त्यात गंधपुऱ्याचं तेल, निलगिरी वगैरे असतं, डायक्लोफेनॅक नसतं. म्हणून नाव सांगून ट्यूब घेण्यापेक्षा खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचून घ्या. तिथे ‘डायक्लोफेनॅक डायइथिलअमीन १.१६ टक्के’ असं लिहिलेलं असेल तरच पुढचं सगळं लागू पडतं.

आमचा कौल आधीच सांगतो. खांद्याच्या वरवरच्या दुखण्याला हे जेल खरोखर चांगलं आहे, पण आपल्याकडे ते लागतं त्याच्या पाव मात्रेत लावलं जातं आणि मग ‘काही फरक नाही’ म्हणून बाजूला पडतं.

मात्रेचा हिशेब असा. एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून ३ ते ४ वेळा. ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम भरतो. म्हणजे खांद्याला किमान चार पेरं जेल हवं. ट्यूबचं तोंड बारीक असेल तर त्याहून जास्त रेघा लागतील. शंका असेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून एकदा २ ग्रॅम काढून पाहा. डोळ्यांना अंदाज बसतो. २ ग्रॅम तीनदा म्हणजे दिवसाला ६ ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी. तीच ट्यूब घरात सहा महिने पुरत असेल, तर लावलं जातंय ते औषध नव्हे, नुसता वास. २.३२ टक्क्यांचं जेल असेल तर ते दिवसातून दोनदाच, बारा-बारा तासांनी लावायचं.

थंडावा म्हणजे औषध, हा समज सगळ्यात जास्त फसवतो. मेन्थॉलचा गारवा दोन मिनिटांत जाणवतो आणि थोड्या वेळात ओसरतो. तो त्वचेला फसवतो, सुजेला हात लावत नाही. डायक्लोफेनॅकचं काम सावकाश चालतं. मुरगळ किंवा ताण असेल तर दोन-तीन दिवस नियमाने लावल्यावर फरक कळू लागतो, झिजेच्या सांध्याला आठवडाही लागतो. दुखलं की एकदा लावलं आणि सोडून दिलं, तर मिश्रणाचे पैसे गारव्यापुरतेच वसूल होतात.

आता खांदाच का वेगळा. गुडघा किंवा मनगट त्वचेच्या लगेच खाली असतं. खांद्याचा मुख्य सांधा आणि त्याला फिरवणारे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) डेल्टॉइडच्या जाड स्नायूखाली दडलेले असतात. जेल तिथवर पुरेसं झिरपेल याचा भरवसा नाही. अमेरिकेत १ टक्का व्होल्टारेन जेल २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळतं (ताकद आपल्या १.१६ टक्क्यांएवढीच). त्याच्या माहितीपत्रकात हात, मनगट, कोपर, पाऊल, घोटा आणि गुडघा एवढेच सांधे आहेत. खांद्यावर त्याची तपासणी झालेली नाही असं स्पष्ट म्हटलंय. तिकडून नातेवाईक ‘खांद्यासाठी’ म्हणून ट्यूब आणतात, त्यांनी हे जरूर वाचावं.

तरीही खांद्यातल्या काही जागा उथळ आहेत, आणि तिथे जेलला संधी आहे. खांद्याच्या अगदी माथ्यावर, कॉलरबोन संपतं तिथे एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं. दंडाच्या पुढच्या बाजूला बायसेप्सचा टेंडन वर चढतो ती रेघ. मान आणि खांदा यांमधला ताणलेला स्नायू. याउलट हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येणं, त्या कुशीवर झोपता न येणं, दंडाच्या बाहेरच्या बाजूला खोल ठणका, ही लक्षणं बहुधा आतल्या टेंडनची. तिथे जेल फार तर थोडा आराम देतं. मुख्य उपचार व्यायामाचा. खांदा आखडला असेल, म्हणजे दुसऱ्याने हात धरून फिरवला तरी वळत नसेल, तर कितीही ट्यूब रिकाम्या केल्या तरी तो सुटणार नाही. मधुमेह असणाऱ्यांत हे जास्त दिसतं. आणि कळ कोपराखाली उतरून बोटांत मुंग्या येत असतील तर मूळ बहुतेक मानेत आहे. खांद्यावर जेल चोळणं व्यर्थ.

लावायची पद्धत साधी आहे. त्वचा धुऊन कोरडी करा. घाम किंवा मालिशचं तेल असेल तर आधी पुसा. झाकणाच्या टोकाने ट्यूबचं सील फोडा, मोजून जेल काढा, दुखऱ्या जागेवर आणि भोवती चार बोटं रुंदीपर्यंत पसरून हलक्या हाताने मुरवा. जोर लावून रगडायची गरज नाही, सुजलेला टेंडन रगडल्याने आणखी चिडतो. दहा मिनिटं उघडं ठेवून मग कपडे घाला, नाहीतर निम्मं औषध सदऱ्याला. तासभर आंघोळ नको. हात साबणाने धुवा, विशेषतः डोळ्यात लेन्स घालणार असाल किंवा बाळाला घेणार असाल तर.

गडबड होते ती मुख्यतः उष्णतेने. जेल लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवणं किंवा क्रेप बँडेज घट्ट गुंडाळणं टाळाच. मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटच्या मलमांनी त्वचा भाजल्याचे प्रकार घडल्याने अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. शेक घ्यायचाच असेल तर जेलच्या वेळेपासून दूर, त्वचा धुऊन. पुरळ किंवा जळजळ झाली तर त्याच दिवशी बंद करा. लावलेली जागा कडक उन्हात उघडी ठेवू नका. केटोप्रोफेनचं (डायक्लोफेनॅकच्याच गटातलं दुसरं औषध) जेल असेल तर हे दुप्पट काटेकोरपणे पाळा.

पोटाच्या दृष्टीने जेल गोळीपेक्षा बरंच सौम्य आहे. एका गुडघ्यावर ४ ग्रॅम चारदा लावलं तरी रक्तात गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्केच औषध पोचतं. पण शून्य नाही. ॲस्पिरिनने दमा उसळतो अशांनी, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, गरोदरपणाचे पाच महिने झाल्यावर, आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. अशा गोळ्यांबरोबर मिथाइल सॅलिसिलेटचं मिश्रण विशेष धोक्याचं. जोडीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मनाने घेणंही नको.

सात दिवस पुऱ्या मात्रेत लावूनही फरक नसेल तर दुसरी ट्यूब विकत घेण्याआधी तपासणी करून घ्या. पडल्यावर हात उचलताच येत नसेल, किंवा ताप आणि लालसर सूज असेल, तर सात दिवसही थांबू नका. डाव्या खांद्याची कळ चालताना वाढत असेल, सोबत घाम, धाप किंवा जबड्यात दुखणं असेल, तर ते हृदयाचं समजून ताबडतोब रुग्णालय गाठा.

स्प्रेबद्दल थोडक्यात: फऱ्यापर्यंत स्वतःचा हात पोचत नाही तिथे सोयीचा, पण किती औषध अंगावर पडलं याचा पत्ता लागत नाही आणि बरंचसं हवेत जातं. आपण खांद्यासाठी घेणार असाल तर साधं १.१६ टक्क्यांचं जेलच घ्या. स्प्रे घेतलाच तर खिडकी उघडी ठेवून, तोंड फिरवून मारा. डबा गॅसच्या शेगडीजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.