पीएचपीसमोर हिरवी टिक होती, तरी साइट चालू व्हायला अडीच दिवस लागले (शेअर्ड होस्टिंगचा रिव्ह्यू)

सावद्याला माझे मामा आणि शेजारपाजारचे काही शेतकरी मिळून केळी कापतात आणि एकत्रच ट्रक भरतात, आणि भाव काय निघाला ते रोज पहाटे सगळ्यांना कळवायचं काम मामांकडे. त्यासाठी मी जळगावहून एक साधी साइट करून दिलीय, एका पानावर मामा भाव टाकतात, दुसऱ्यावर बाकीचे बघतात, आणि कोणाची बाग कधी कापायची त्याचा एक फॉर्म आहे, बस. जुनं होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा, शेअर्ड म्हणजे इतरांसोबत वाटून) महाग पडायला लागलं म्हणून यंदा दुसऱ्या कंपनीचं घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, मला कोणाशी भांडायचं नाही, पण जे झालं ते सीपॅनलवाल्या (सीपॅनल म्हणजे होस्टिंग सांभाळायचं ब्राउझरमधलं पॅनल) कुठल्याही होस्टिंगवर होऊ शकतं म्हणून लिहितोय.

प्लॅनच्या पानावर पीएचपी (माझी साइट ज्या भाषेत लिहिलीय ती), मायएसक्यूएल (डेटाबेस), सीजीआय (सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवायची जुनी पद्धत) सगळ्यांसमोर हिरवी टिक. मी जुन्या सर्व्हरवरचं सगळं जसंच्या तसं अपलोड केलं, डेटाबेस इंपोर्ट केला आणि झोपलो. पहाटे मामांचा फोन, "भाऊ, भाव काही दिसत नाही रे, काहीतरी फाइल उतरून राहिली मोबाइलमध्ये." मी लॅपटॉपवर उघडून बघितलं तर खरंच, पान दिसण्याऐवजी इंडेक्स डॉट पीएचपी डाउनलोड होतेय आणि नोटपॅडमध्ये उघडली की माझा अख्खा कोड समोर. मग डोक्यात आलं की कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलचं काय, तिचा पत्ता टाइप केला तर तीही उतरली, आणि आत डेटाबेसचं युजरनेम आणि पासवर्ड स्वच्छ अक्षरात. हातपाय गार पडले माझे. पहिलं काम म्हणजे पूर्ण फोल्डरचं नाव बदललं, मग डेटाबेसचा पासवर्ड बदलला, चहा त्यानंतर.

असं का होतं, तर पीएचपीची फाइल सर्व्हरने आधी स्वतः चालवायची असते आणि तिचा निकाल तेवढा ब्राउझरला द्यायचा असतो. ती कोणाकडून चालवून घ्यायची हेच सर्व्हरला माहीत नसेल तर तो साध्या फाइलसारखी उचलून देऊन टाकतो. म्हणजे सर्व्हरवर पीएचपी आहे हे वेगळं आणि तुमच्या डोमेनला ते जोडलंय हे वेगळं. ही गोष्ट कंपनीच्या वेलकम मेलमध्ये एका ओळीत लिहिली असती तर माझे अडीच दिवस वाचले असते.

सपोर्टचं सांगतो. चॅटवरचा पहिला माणूस म्हणाला कॅश क्लिअर करा. दुसरा म्हणाला इन्कॉग्निटोमध्ये बघा. मी फाइल डाउनलोड होतेय असं तीनदा लिहिलं, स्क्रीनशॉट दिला, तरी तेच. तिकीट टाकलं तर दीड दिवस उत्तर नाही, आणि इकडे मामा प्रत्येकाला फोन करून भाव सांगताहेत, केळीच्या कांदेबाग हंगामाची कापणी ऐन जोरात असताना. दुसऱ्या रात्री एका मुलीने तिकीट हातात घेतलं आणि खरं सांगतो, तिने पंधरा मिनिटांत दुखणं पकडलं. जुन्या होस्टिंगवरून आलेल्या, सर्व्हरला सूचना देणाऱ्या डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये ॲडहँडलरची, म्हणजे पीएचपी कोणाकडून चालवून घ्यायची ते सांगणारी एक ओळ होती, तिच्यात पीएचपी ५.६ या जुन्या व्हर्जनचं नाव, आणि त्या नावाचं काही या सर्व्हरवर नव्हतंच. ती ओळ काढा, सीपॅनलमध्ये मल्टीपीएचपी मॅनेजर उघडा, डोमेनसमोर टिक करा, व्हर्जन निवडा, अप्लाय करा, पॅनल त्याची ओळ स्वतः लिहितं. एवढंच होतं. तिचं मनापासून कौतुक, नाहीतर मी हे होस्टिंग सोडूनच दिलं असतं.

पुढे ५०० एरर (सर्व्हरवरच काहीतरी बिघडलंय असा) आला, पण तो मीच सोडवला. कोणीतरी कधीतरी फोल्डरला ७७७ परमिशन (कोणीही आत बदल करू शकेल अशी) देऊन ठेवली होती, इथला सर्व्हर तसल्या फोल्डरमधली स्क्रिप्ट चालवत नाही. फोल्डर ७५५, फाइल ६४४ केल्या (बदलायची मुभा फक्त मालकाला) की झालं. सीपॅनलमध्ये एरर्स म्हणून जागा आहे, तिथे कारण सरळ लिहिलेलं असतं, आधी तिथे बघा आणि मग चॅटवर जा.

मग जुन्या कोडमधलं मायएसक्यूएल कनेक्ट, म्हणजे डेटाबेसला जोडणारं फंक्शन बोंबललं. ते फंक्शन पीएचपी ७ मध्येच, म्हणजे २०१५ साली काढून टाकलंय, आणि मी निवडलं होतं ८. चॅटवाले म्हणाले आम्ही ५.६ बसवून देतो. मी नको म्हटलं, ५.६ चे सिक्युरिटी अपडेट डिसेंबर २०१८ ला बंद झालेत, लोकांचे फोन नंबर त्या डेटाबेसमध्ये आहेत. एक रविवार बसून सगळं मायएसक्यूएलआयमध्ये, म्हणजे त्याच्या नव्या पर्यायात बदललं. शेतकऱ्यांची नावं प्रश्नचिन्हं होऊन येत होती, कनेक्शनचा कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ केला आणि नीट मराठी दिसायला लागलं.

स्पीड चांगला आहे, किंमतही परवडते, महिन्याभरात एकदाही बंद पडलेलं नाही. मशीन पाचपैकी चार, सपोर्ट दोन, आणि तो दुसरा स्टार त्या मुलीचा. घ्यायच्या आधी त्यांना लेखी विचारा की माझ्या डोमेनला पीएचपीचं कुठलं व्हर्जन पहिल्या दिवसापासून जोडलेलं असेल. आणि अपलोड केल्यावर पासवर्डची फाइल टाकायच्या आधी फक्त पीएचपीइन्फो (पीएचपीची माहिती दाखवणारी आज्ञा) लिहिलेली एक छोटी फाइल टाकून बघा, निळं-राखाडी टेबल दिसलं तर चालू आहे, फाइल उतरली तर थांबा. बघून झालं की ती फाइल काढून टाका, तिच्यात सर्व्हरची बरीच माहिती असते.

एक शेवटचं राहिलं होतं. मामा पहाटे पाचला भाव टाकायचे आणि पानावर तारीख कालची यायची, त्यामुळे व्यापारी म्हणायचे हा शिळा भाव आहे. सर्व्हरचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे साडेपाचच्या आत टाकलं की तिकडे अजून आदला दिवसच. कोडमध्ये टाइमझोन एशिया-कोलकाता लिहिला आणि दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला, "आता बरोबर आली रे तारीख."