घरी आणल्यावर कोण बघणार? स्वतः, मदतनीस की पुनर्वसन केंद्र

डिस्चार्जची तारीख कळली की घरात पहिला प्रश्न उठतो तो हाच. पाय मोडलेला, आत रॉड किंवा प्लेट बसवलेली, डॉक्टरांनी बजावलेलं की पुढचे सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. एक जण म्हणतो, जोडीदार आहे ना घरात, मग प्रश्नच काय? दुसरा म्हणतो, सरळ माणूस ठेवा. तिसरं कोणीतरी पुनर्वसन केंद्राचं नाव काढतं. मग चर्चा खर्च आणि माया या दोन टोकांत अडकते. माणूस ठेवला तर माया कमी, न ठेवला तर शहाणपण कमी.

माझं मत असं की आधी कामाकडे बघावं. कोणतं काम, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि ते तुमच्या अंगाला झेपणारं आहे का. त्यानुसार एका कामाला तुम्ही, दुसऱ्याला मदतनीस असं उत्तर निघालं तरी त्यात काही वावगं नाही. बायकोच्या मांडीचं हाड मोडल्यानंतर जे पाहिलं त्यावरून लिहितोय, म्हणून उदाहरणं पायाच्या दुखापतीची जास्त येतील.

आधी कामांची यादी

फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ साली मांडलेला बार्थेल इंडेक्स आजही पुनर्वसनात वापरतात. दहा कामं, मिळून १०० गुण: खाणं, अंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासात जाणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं आणि जिना. पलंगावरून खुर्चीत जाणं आणि चालणं यांना प्रत्येकी १५ गुण, अंघोळीला जेमतेम ५. रुग्ण किती स्वावलंबी झाला हे मोजायला ही वाटणी ठीक आहे. सांभाळणाऱ्याची सकाळ मात्र ती पाच गुणांची अंघोळच खाते.

म्हणून गुण सोडा, यादी तेवढी उचला. प्रत्येक कामापुढे चारपैकी एक शेरा लिहा: स्वतः जमतं, जवळ कोणी उभं हवं, हात लावावा लागतो, दोन माणसं लागतात. शेवटचा शेरा एका जरी कामापुढे आला तरी ‘मी एकटा सगळं करीन’ हा पर्याय त्या कामापुरता बाद. यावर घासाघीस करू नये.

रात्र

तुलना करताना लोक दिवस डोळ्यांसमोर आणतात. खरी कसोटी रात्रीची असते. वेदनाशामकाचा असर उतरतो, पाय जड होतो, लघवीला उठावं लागतं, उशी सरकते, मध्येच घाम फुटतो. पूर्ण झोपून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर दाबाच्या जखमा होतात. म्हणजे तुमची सलग झोप दोन तासांच्या पलीकडे जात नाही.

सगळं स्वतः करणारा पहिला आठवडा उत्साहात काढतो. पुढे झोपेची उधारी साठते आणि ती वसूल होते ती भलत्याच जागी: गोळी दिली की नाही ते आठवत नाही, व्हीलचेअरचा ब्रेक लावायचा राहतो, साध्या प्रश्नावर आवाज चढतो. मदतनिसाच्या बाजूने रात्रीचा मोठा फायदा हाच, की तो जागण्यासाठीच आलेला असतो आणि सकाळी आपल्या घरी जाऊन झोपतो. तोटाही आहे. काही जण रात्री गाढ झोपतात आणि रुग्णाला हाक मारायचा संकोच वाटतो. अशा वेळी हाताशी घंटी द्यावी आणि ‘कितीही वेळा वाजव’ हे मदतनिसासमोरच सांगावं.

मदत फक्त दिवसाची किंवा फक्त रात्रीची परवडत असेल, तर रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेपर्यंत मी रात्र निवडीन. बहुतेक घरं उलट करतात, कारण दिवसा कामावर जायचं असतं. पण न झोपलेला माणूस दिवसाही ना धड कामाचा, ना धड घराचा.

रात्रीची फेरी कमी करण्याचा एक उपाय मदतनिसाशिवायही होतो. पुरुष रुग्णाला पलंगाशेजारी युरिन पॉट पुरतो. स्त्रीला बेडपॅनवर कंबर उचलणं मोडलेल्या मांडीने फार दुखतं, तिथे पलंगाला लागून ठेवलेली कमोड खुर्ची बरी. तिच्यामुळे अंधारात बाथरूमपर्यंतचा प्रवास वाचतो. बाथरूमच्या उंबऱ्यावर आणि ओल्या फरशीवरच घात होतो.

उचलणं नव्हे, वळवणं

रुग्णाला उचलणं या कामाबद्दल अंगात रग असलेल्यांचा गैरसमज असतो. अमेरिकेतल्या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या नायॉश या संस्थेच्या सूत्रावरून २००७ मध्ये रुग्ण हाताळताना ३५ पौंडांची, म्हणजे सुमारे १६ किलोंची मर्यादा सुचवली गेली. आता हे बघा: ७० किलोंच्या माणसाचा एक अख्खा पायच साधारण ११ किलोंचा भरतो. त्यावर प्लास्टर चढवा. म्हणजे पाय उचलून पलंगावर ठेवण्यातच तुमची मर्यादा जवळपास संपली.

ज्याला हे काम येतं तो उचलत नाही, वळवतो. आमच्याकडे फिजिओने दाखवलं ते असं. व्हीलचेअर धडधाकट पायाच्या बाजूला, पलंगाला तिरकी लावायची. ब्रेक लावायचे आणि हलवून खात्री करायची. पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडायच्या. रुग्णाने कुशीवर वळून, कोपरावर जोर देऊन उठायचं आणि काठावर मिनिटभर नुसतं बसायचं, कारण आडव्याचं उभं होताना रक्तदाब उतरून चक्कर येते. कंबरेला रुंद पट्टा बांधलेला असतो, तुमची पकड त्या पट्ट्यावर. काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा दुखावतो. एक-दोन-तीन म्हणून रुग्ण चांगल्या पायावर उभा राहतो, त्याच पायावर गिरकी घेतो, गुडघ्यांच्या मागे खुर्चीची कड लागली की हात मागे नेऊन खुर्चीचे हात टेकायचे दांडे चाचपतो आणि बसतो. दुखरा पाय या सगळ्यात पुढे अधांतरी.

यात जोडीदार आणि मदतनीस यांच्यात फरक ताकदीचा नाही, सरावाचा आहे. अनुभवी मदतनीस हे डोळे मिटून करतो. नवखा मदतनीस मात्र तुमच्याइतकाच धोकादायक, वर त्याला संकोचही नसतो. म्हणून माणूस ठेवताना ‘किती वर्षं काम केलंत’ हे विचारण्यापेक्षा एकदा पलंगावरून खुर्चीत नेऊन दाखवायला सांगा. ब्रेककडे त्याचा हात आधी जातो का, एवढं पाहिलं तरी पुरे. तुमची स्वतःची कंबर आधीच धरलेली असेल, तर एवढं एक काम मदतनिसाकडे द्या आणि बाकीचं ठेवा.

अंघोळ, शौच आणि लाज

इथे ठरवणारे तुम्ही नाही. ज्याचं अंग आहे त्याला विचारा, आणि बाकीचे खोलीत नसताना विचारा. काहींना परक्यासमोर उघडं होणं नको वाटतं. पण उलटंही तितकंच दिसतं: परका चालेल, नवऱ्याने किंवा बायकोने हे करायला नको. आमच्याकडे ही स्पष्ट म्हणाली होती, ‘तुझ्याशी मला बाकी बोलायचंय, हे तिला करू दे.’ मला आधी लागलं, मग पटलं.

स्पंज करताना अंग रोज नजरेखालून जातं, म्हणून ते काम ज्याच्याकडे त्याच्याकडेच त्वचा तपासणंही द्यावं. लालसर ठिकाण बोटाने दाबल्यावर फिकं पडत नसेल, तर ती दाबाच्या जखमेची सुरुवात समजायची. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा वेगळ्या छटेची जागा शोधावी लागते. अनुभवी मदतनिसाला हे लवकर कळतं. याच्या उलट, माणूस आज गप्प आहे, श्वास नेहमीसारखा नाही, नजर हरवलेली आहे, हे जोडीदाराला आधी कळतं. पोटरी एका बाजूची सुजून दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर रक्ताच्या गाठीची शंका घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. हे दोघांनाही माहीत हवं.

गोळ्या मात्र कोणीही असलं तरी एकाच्याच हातात, आणि तो एक शक्यतो घरचा. दोघांनी दिल्या की डोस दुप्पट होतो. पॅरासिटामॉल सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असतं आणि धडधाकट प्रौढासाठीही दिवसाला ४ ग्रॅमची सीमा आहे.

व्यायामात कोण बरा?

मदतनिसाला काम उरकायचं असतं, जोडीदाराला कणव येते. परिणाम दोन्हीकडे सारखाच: रुग्णाने करायचं ते दुसराच करून टाकतो. मोजा घालायला तिला दहा मिनिटं लागणार असतील तर ती लागू द्यावीत. आपण हात मागे बांधून उभं राहायचं, आणि मला तरी सगळ्या शुश्रूषेत हेच सर्वांत कठीण वाटलं.

फिजिओने दिलेले व्यायाम मी जोडीदाराकडे ठेवावेत असं म्हणेन. पावलं वर-खाली करणं, मांडी आवळून धरणं यांना कौशल्य फार लागत नाही, रोज आठवणीने करून घेणारा लागतो. कुबड्यांचं मापही एकदा स्वतः बघून ठेवा. वरची गादी आणि काख यांत दोन-तीन बोटांचं अंतर, कोपर किंचित वाकलेलं, भार तळहातांवर. काखेत भार घेतला की नस दबून हाताला मुंग्या येतात. जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुढे काठी आली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. घरी येणाऱ्या पाहुण्यांपैकी निदान एक जण ती उलट्या हातात धरायला सांगतो, त्याला हसून सोडून द्यावं.

पुनर्वसन केंद्र

याबद्दल थोडक्यात. डोक्याला किंवा मणक्याला मार असेल, बोलणं-गिळणं बिघडलं असेल, लघवीवर ताबा नसेल, तर काही आठवडे केंद्रात काढणं हा बहुधा सर्वांत शहाणा पर्याय. फिजिओ, बोलण्याचा उपचार करणारे, परिचारिका अशी पूर्ण टोळी तुम्ही घरात उभी करू शकत नाही. डोक्याच्या दुखापतीनंतर माणसाचा स्वभावही काही काळ बदललेला असू शकतो. ते एकट्याने झेलण्यापेक्षा असे रुग्ण पाहिलेल्या लोकांच्या सोबतीने झेलणं बरं. नुसतं एक हाड मोडलं असेल आणि बाकी शरीर ठणठणीत असेल, तर केंद्रातून मिळणारं बरंचसं फिजिओच्या घरभेटींतून मिळतं, आणि आपल्या अंथरुणात झोप लागते ती वेगळीच. घर मात्र साथ देणारं हवं. वर चढायला जिनाच जिना असेल, किंवा व्हीलचेअर बाथरूमच्या दारातून जातच नसेल, तर घरच्या अंथरुणाची ओढ बाजूला ठेवावी लागते. टेप घेऊन दार मोजा. दार उघडल्यावर मोकळी जागा ८० सेंटीमीटरच्या आसपास असली तर सोपं जातं.

मग कोणी काय निवडावं

एक पाय मोडलेला, दोन्ही हात शाबूत, वजन बेताचं, आणि तुम्हाला रजा मिळते: स्वतः करा, फक्त सकाळचे दोन तास अंघोळीसाठी माणूस ठेवा. पाय आणि हात दोन्ही जायबंदी असतील तर कुबड्या, वॉकर दोन्ही गेले. तिथे पहिल्या टप्प्यात चोवीस तासांची सोय लागते, नुसत्या हौसेने भागत नाही. तुम्ही स्वतः मधुमेह, रक्तदाब किंवा कंबरदुखी घेऊन बसलेले असाल, तर रात्र आणि उचल दोन्ही दुसऱ्याकडे. नोकरी सोडायचा विचार मनात असेल तर तो आताच करू नका. मांडीचं हाड भरायला अनेकदा चार ते सहा महिने लागतात, पण अंथरुणाला खिळून राहायचा काळ त्यातला थोडाच असतो. आधी तेवढी रजा मागून पाहा.

आणि हे ठरवणं एकदाचं नसतं. प्रत्येक एक्स-रेनंतर डॉक्टर पायावर किती भार द्यायचा ते बदलतात: आधी अजिबात नाही, मग नुसती बोटं टेकवायची, मग अर्धा, मग सोसेल तेवढा. दर वेळी ती दहा कामांची यादी पुन्हा काढा आणि शेरे बदला. भार वाढला की आधी रात्रीचा माणूस कमी करता येतो, अंघोळीचा शेवटी, कारण पडण्याची भीती ओल्या फरशीवरच जास्त.

अजून डिस्चार्ज झालेला नसेल तर परिचारिकेला सांगून एक दिवस खुर्चीत नेणं, स्पंज आणि कपडे बदलणं तुम्ही स्वतः करा. ती शेजारी उभी राहील. त्या संध्याकाळी तुमची कंबर काय म्हणते ते ऐका आणि मग मदतनिसाला फोन करायचा की नाही ते ठरवा.